डिलिरियम : तास सोडलेला नांगर

आर्वीकडच्या एका गावातून एका मुलीनं विचारलंय : "काका, आबाजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री ते वॉर्डात बैल हाकलू लागले. 'तासानं चाल, तासानं चाल' म्हणे. मले ओळखेनात. लघवीत इन्फेक्शन निघालं, औषध दिलं, पाच दिवसांत बरे झाले. पण डिस्चार्ज कार्डावर 'डिलिरियम' लिहून आहे, अन् गावात सारे म्हणतात बुढा येडा झाला. या शब्दाचा अर्थ येडा होणं असाच होते काय?"

नाही बेटा. आणि तुझ्या आबाजींच्या तोंडी जो 'तास' आला, म्हणजे नांगरानं जमिनीत पडणारी रेघ, तोच या शब्दाच्या पोटात आहे. पत्र वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

शब्द लॅटिन आहे, आणि तो वावरातून आला. 'दे' म्हणजे पासून दूर, बाहेर. 'लीरा' म्हणजे नांगरानं दोन तासांच्या मधे उचललेली माती, आपला वरंबा. आणि तासालाही तोच शब्द चाले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या वारो नावाच्या रोमन पंडितानं शेतीवर लिहिताना नांगरटीच्या तीन पाळ्या सांगितल्या आहेत. तिसरी पाळी बी फेकून झाल्यावरची. तेव्हा फाळाला फळ्या बांधायच्या, म्हणजे वरंबे उठतात, बी झाकलं जातं आणि मधल्या सरीतून पावसाचं पाणी निघून जातं. या कामाला 'लीरारे' म्हणत. काळ्या जमिनीत पाणी साचलं की काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही पाळी समजावून सांगायला नको. अशा वावरात तास सोडून भलतीकडे जाणं म्हणजे 'देलीरारे'. तिथून अर्थ माणसावर आला : ज्याचं बोलणं-वागणं ओळीत राहिलं नाही तो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाच्या वैद्यकग्रंथात 'देलीरियुम' तापातल्या भ्रमासाठी येतो, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला.

आता वखरता-नांगरता बैलानं तास सोडला तर त्याला कोणी येडा म्हणत नाही. पाहतात काय आडवं आलं : पऱ्हाटीचं खुंट, दगड, की जोत सैल झालं. डॉक्टर हेच करतात. डिलिरियममध्ये माणसाचं लक्ष सुटतं, तेही घड्याळाच्या काही तासांत किंवा एकदोन दिवसांत. सकाळी बरा वाटतो, रात्री पुन्हा बिघडतो. म्हाताऱ्या माणसाला लघवीतलं इन्फेक्शन, मोठं ऑपरेशन, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, एखादं औषध, एवढंही पुरतं. कारण सापडून उपचार झाला की बहुतेक माणसं तासावर येतात. कुणाला दिवस लागतात, कुणाला आठवडे. आणि सारेच काही ओरडत नाहीत. काही नुसते गुंगीत गप्प पडून राहतात, आणि घरच्यांना वाटतं, झोपलेत बिचारे. म्हणून 'बरळणं' हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो.

शेजारी दुसरा शब्द ठेव : डिमेन्शिया. त्यातही तोच 'दे', पण पुढे 'मेन्स', म्हणजे मन. हा 'मेन्स' आणि आपलं संस्कृत 'मनस्' एकाच मुळाचे. तो आजार हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. एका शब्दात मनच दूर गेलं, दुसऱ्यात फक्त तास सुटला. बैल, नांगर, नांगऱ्या सारे जागेवर आहेत. दोन्ही आजारांतला फरक एवढ्या नेमकेपणानं दोन शब्दांच्या मुळांत सापडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. अर्थात रोमन लोक इतका काटेकोर भेद करत नव्हते. त्यांनी वेडालाही 'देलीरारे' हाच शब्द लावला, म्हातारचळालाही. पण सिसेरो या रोमन वक्त्यानं ख्रिस्तपूर्व 44 मध्ये म्हातारपणावर लिहिताना बजावून ठेवलंय, की ज्याला 'देलीरात्सिओ' म्हणतात तो खुळेपणा उथळ म्हाताऱ्यांचा, सगळ्या म्हाताऱ्यांचा नव्हे. तुझ्या गावाला एवढं तरी सांगायला हवं.

मराठीनं मात्र ही गोष्ट नांगरात पाहिली नाही, वाऱ्यात पाहिली. 'बुढ्याले वात झाला', 'वातात बडबडते' हे आपल्याकडे अजून ऐकू येतं, आणि ते डिलिरियमच्या अगदी जवळचं आहे. अडचण एवढीच की आता गुडघे दुखले तरी वातच. गंमत म्हणजे इंग्रजीत 'डिलिरियस' आनंदालाही लागतो, आणि आपल्याकडे त्याला जोड आहे ती 'हर्षवायू'ची. तिथेही वाराच!

'लीरा'च्या मुळाची इंग्रजीत नातीगोती आहेत. 'लर्न', म्हणजे शिकणं, हा शब्द त्याच जुन्या 'माग, चाकोरी' अर्थाच्या मुळापासून आल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. शिकणं म्हणजे माग धरणं. इटलीचं जुनं नाणं लिरा मात्र यातलं नाही, ते 'लिब्रा' या वजनावरून आलं. नांगराचाच आणखी एक शब्द 'प्रिव्हॅरिकेट', सरळ उत्तर टाळणं. थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहितो, की वाकून न चालणाऱ्या नांगऱ्याचा तास वाकडा जातो, आणि हा आरोप तिथूनच कोर्टकचेरीत गेला. 'डिलिरियम ट्रेमेन्स' हे नाव थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी 1813 मध्ये दिलं. ट्रेमेन्स म्हणजे थरथरणारा. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोनचार दिवसांत हा प्रकार होऊ शकतो, आणि तेव्हा घरी थांबू नये, दवाखाना गाठावा.

कोणी विचारलं तर 'येडे झाले होते' म्हणू नकोस. 'आबाजीचं भान सुटलं होतं, आता आलं' म्हण. आणि खुद्द आबाजींनी विचारलं, कार्डावर काय लिहून आहे, तर सांग : "नांगर तासातून निघाला होता." त्यांना याहून जास्त काही सांगावं लागणार नाही.