मुलाचे पहिले अपील आणि वडिलांचे पत्र

चिंचवडहून एका वडिलांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. वाहन-उद्योगात तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले. मुलाने पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेची पदवी घेतली, जर्मनीत वाहन-इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस केले आणि गेल्या दीड वर्षापासून तो म्युनिकमधील एका पेटंट फर्ममध्ये प्रशिक्षणार्थी आहे. मोटारीतील इलेक्ट्रॉनिक मेमरीत कोणाला किती प्रवेश द्यावा, या विषयावरील एका पेटंट अर्जाचे अपील त्याच्या फर्मने युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळापुढे चालवले आणि ते फेटाळले गेले. मुलाने निकालाची प्रत हौसेने घरी पाठवली. ती वाचून मुलाची वाट चुकली, असे वडिलांनी ठरवले. त्याने परत येऊन चाकणला नोकरी धरावी, कायद्याचीच आवड असेल तर एलएलबी करावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण तुम्ही दशांश चिन्हासह कळवले आहेत, शैक्षणिक कर्जाचे किती हप्ते उरले तेही लिहिले आहे, आणि चाकणच्या एका परिचितांकडे मुलासाठी शब्द टाकून ठेवल्याचेही सांगितले आहे. मुलाचे स्वतःचे असे त्यात एकच वाक्य आहे: ‘बाबा, मला या कामात मजा येते.’ तेही तुम्ही तक्रारींच्या ओळीत, तो रात्री उशिरापर्यंत जागतो आणि लग्नाचा विषय टाळतो या दोहोंच्या मध्ये घातले आहे. सव्वीस वर्षांच्या, परमुलखात स्वतःचे घरभाडे स्वतः भरणाऱ्या माणसाला न विचारता त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकणे, ही गोष्ट मला त्या अपिलापेक्षा कितीतरी अधिक काळजीची वाटते. ‘नातेवाइकांना काय सांगू, पहिलीच केस हरला म्हणून?’ असे तुम्ही विचारता. नातेवाइकांनी तो निकाल मागितलेला नाही. मुलाने तो तुम्हाला पाठवला, कारण त्यातले तांत्रिक मर्म घरात फक्त तुम्हालाच कळेल असे त्याला वाटले असणार, आणि तुम्ही तो प्रगतिपुस्तकासारखा वाचलात.

मुळात केस त्याची नव्हती. युरोपीय पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडतो तो अधिकृत यादीत नाव असलेला प्रतिनिधी. तुमचा मुलगा त्याच्या हाताखाली शिकतो आहे. तुम्हीच कळवलेल्या तारखेप्रमाणे अर्ज दाखल झाला तेव्हा तो अकरावीत होता. याला महत्त्व आहे, कारण पेटंटच्या मूळ अर्जात जे लिहिलेले नाही ते नंतर कितीही सुचले तरी आत घालता येत नाही, आणि युरोपीय पेटंट कराराचे कलम 123(2) याबाबतीत अगदी निष्ठुर आहे. गाडी उभी असतानाच मेमरी उघडावी, ही अट पर्यायी दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या दुसऱ्या मसुद्यात, घालण्याचा प्रयत्न झाला. मूळ वर्णनात तिचा उल्लेख कोठेच नसल्यामुळे तो दावा तिथेच गळून पडला. ती उणीव तुमच्या मुलाची कशी म्हणणार?

आता तुमच्या पत्रातील ज्या समजुतीवर बाकी सारे उभे आहे, तिच्याकडे वळतो. तुम्ही लिहिता: ‘ही यंत्रणा गाडीत बसवलेली आहे, चालते आहे, तरी तिच्यात शोध नाही म्हणतात, या न्यायाधीशांना गाडीतले काय कळते?’ अशा अपिलाच्या मंडळात साधारणतः तीन सदस्य असतात आणि त्यांतील दोन तांत्रिक शाखेचे असतात, म्हणजे त्यांना गाडीतले बऱ्यापैकी कळते. यंत्रणा चालते की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हताच. ज्ञात तंत्रावरून जाणकाराला जे सहज सुचले असते त्याच्यापलीकडे ती जाते का, एवढेच त्यांना पाहायचे होते; यालाच शोधाची पायरी म्हणतात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे गाडीतले दोष तपासण्याच्या, सॉकेटला मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि फॉल्ट कोड वाचतो, हे तुम्ही हजारदा पाहिले असेल. पण चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरच्या किल्लीची नोंद बदलायची किंवा ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या नियंत्रक संगणकात, नवा प्रोग्रॅम भरायचा झाला, तर ईसीयू आधी स्कॅनरकडे एक संख्या पाठवते. स्कॅनरने त्या संख्येवर ठरावीक गुप्त गणित करून उत्तर परत द्यायचे. उत्तर जुळले तर मेमरी उघडते, आणि पुन्हा पुन्हा चुकले तर ईसीयू काही काळ दादच देत नाही. ही पद्धत आयएसओ 14229 या मानकात आहे आणि या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अर्जदाराने तिच्यावर रचले ते एवढेच, की गॅरेज, उत्पादक आणि विमा कंपनी यांना मेमरीचे वेगवेगळे कप्पे उघडावेत. मंडळाने म्हटले की कोणाला काय दाखवायचे हा कारभाराचा निर्णय आहे. तो अमलात आणण्याचे तंत्र आधीच माहीत होते, म्हणून शोधाची पायरी दिसत नाही. घरातील कपाटाच्या किल्ल्या सासूकडे राहाव्यात की सुनेकडे, हे घरच्यांनी ठरवायचे असते आणि त्या निर्णयाने कुलूप नवे होत नाही. तांत्रिक नसलेल्या वैशिष्ट्यांना शोधाच्या पायरीचे श्रेय द्यायचे नाही, ही भूमिका युरोपात 2002 सालच्या कॉमविक निकालापासून पक्की झाली. त्या प्रकरणात एकाच सिमकार्डवर दोन ओळखी ठेवून फोनचा खर्च घरगुती आणि कार्यालयीन असा वाटण्याचा मुद्दा होता.

मंडळाची ही रेषा मला स्वतःला दरवेळी पटते असे नाही. धावत्या गाडीच्या मेमरीत कोणी हात घालावा हा प्रश्न सुरक्षिततेशी इतका जखडलेला आहे की कारभार कोठे संपतो आणि तंत्र कोठे सुरू होते हे सांगणे सोपे नसते. पण नेमकी हीच कुस्ती तुमच्या मुलाला आवडते आहे. शिवाय पेटंट नाकारले म्हणून ती यंत्रणा बाजारातून उठत नाही. पेटंट हा इतरांना अडवण्याचा हक्क असतो, स्वतः वस्तू विकण्याचा परवाना नसतो. अर्जदाराचे गिऱ्हाईक आजही तेच मॉडेल चालवत असेल.

एलएलबीविषयी थोडक्यात सांगतो. भारतात पेटंट एजंट, म्हणजे पेटंट कार्यालयापुढे अर्जदाराची बाजू पाहणारा प्रतिनिधी, होण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते, एलएलबी लागत नाही. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून पेटंटची अपिले उच्च न्यायालयांत जातात आणि तेथे युक्तिवाद वकील करतो, म्हणून त्या व्यासपीठावर उभे राहायचे असेल तरच ती पदवी उपयोगाची. युरोपातील कामासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाही.

ज्याची खरोखर काळजी करायला हवी ती गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच, आणि कदाचित मुलानेही अजून नीट पाहिलेली नाही. युरोपीय पेटंट कार्यालयासमोर प्रतिनिधी होण्यासाठी तीन वर्षांचे प्रशिक्षण आणि एक कठीण पात्रता परीक्षा लागते. अभ्यासू मुलाला ते साधते. मात्र कराराच्या कलम 134 प्रमाणे यादीत नाव येण्यासाठी करारातील 39 देशांपैकी एखाद्याचे नागरिकत्व लागते. विशेष परिस्थितीत कार्यालयाचे अध्यक्ष सवलत देऊ शकतात, पण त्या सवलतीवर आयुष्याचे गणित मांडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जर्मन नागरिकत्व सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मागता येते. जर्मनी आता जुना पासपोर्ट सोडायला लावत नाही, भारत मात्र दुसरे नागरिकत्व घेताच आपले काढून घेतो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. इकडे आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 126 नुसार एजंट म्हणून नोंदणीसाठी भारताचे नागरिक असावे लागते. म्हणजे युरोपीय कार्यालयाच्या यादीत नाव लावण्यासाठी त्याने पासपोर्ट बदलला, तर मुंबईतील पेटंट कार्यालयात एजंट म्हणून परतण्याचे दार त्याच्यासाठी बंद होईल, आणि भारतीय पासपोर्ट राखला तर तिकडचे दार उघडणे अवघड. मधली वाटही आहे: वाहन-उद्योगातील कंपन्यांच्या पेटंट विभागात यादीत नाव नसलेले अभियंतेही शोधांची छाननी आणि मसुदे करतात. तिथल्या बढतीला मर्यादा पडू शकते, हे त्याने आत्ताच विचारून घ्यावे.

हा निर्णय तुम्ही त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. माहिती देऊ शकता. येत्या रविवारी फोनवर अपिलाचा विषय काढलात, तर मेमरीचे ते कप्पे तुम्हाला कसे वाटले ते सांगा. तीस वर्षांत गॅरेजमधल्या माणसाला नेमके काय उघडावे लागते हे तुम्ही पाहिले आहे, आणि ते ऐकायला तो अर्धा तास नक्की थांबेल. त्यानंतर प्रशिक्षण संपायला किती महिने उरले, फर्ममध्ये त्याच्यासारखे भारतीय पासपोर्टवाले कोणी आधी शिकले आहेत का आणि त्यांनी पुढे काय केले, एवढे विचारा. लग्नाचा विषय त्या दिवशी नको.

चाकणच्या परिचितांना मात्र उद्याच फोन करून नकार कळवा; तुमच्या शब्दासाठी त्यांनी एखादी जागा अडवून ठेवली असेल, तर तिथे दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज खोळंबला असेल.