माफीची घाई करू नकोस
नवऱ्याने दुखावलेली बायको त्याच्यासोबत समुपदेशनाला आली, तर पहिल्याच भेटीत नवऱ्याला ‘सॉरी म्हणा’ असं सांगू नकोस. ‘जाऊ दे, सोडून दे’ हे घरचे म्हणतच असतात. तेच ऐकायला ती आपल्याकडे येत नाही. तिच्या मनाला नेमकं काय लागलं, ते आधी त्याला स्वतःच्या शब्दांत मांडू दे, आणि ‘बरोबर समजलं का?’ हेही त्यानेच तिला विचारू दे. यालाच कधी तीन-चार भेटी जातात. जाऊ देत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट क्षमा आणि समेट वेगळे मानतात, हे मला फार मोलाचं वाटतं: माफ करूनही ती वेगळी राहू शकते. मारहाण असेल तर मात्र क्षमेचा विषयच काढू नकोस. तिला एकटीला भेट, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, ते सांग.