लांब पाय, आखूड जागा : उंच चालकांचे प्रश्न

प्रश्न : माझी उंची सहा फूट दोन इंच, वजन ९१ किलो. शंभर सीसीच्या गाडीवरून महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करतो. सातारा मागे पडलं की गुडघ्याच्या वाटीखाली ठणका लागतो. मेकॅनिकने मागचे शॉकअप कडक करून दिले. गाडी मागून उंच झाली, पण गुडघे दुखायचे ते दुखतातच. असं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शॉकअपने फरक पडणार नव्हताच. सीट आणि फूटरेस्ट दोन्ही गाडीच्या सांगाड्यालाच जखडलेले असतात. शॉकअप कडक केले की दोन्ही एकदम वर जातात आणि त्यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं. तुमचा गुडघा किती दुमडायचा हे तेच अंतर ठरवतं. तुमच्या वजनाला प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवणं योग्यच आहे, खड्ड्यात गाडी आपटणार नाही. पण तो इलाज कंबरेसाठी आहे.

आधी मोजमाप घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा आणि नेहमीचे बूट घालून नेहमीसारखे बसा. कोणाला तरी सीटच्या उंचीवर मोबाइल धरून अगदी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोत तीन खुणा करा : खुब्याच्या बाहेरचं हाड, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मध्य आणि घोट्याचं हाड. त्या जोडल्या की गुडघ्याचा कोन दिसतो, तो कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. कोन ९० अंशांच्या आसपास असेल तर बहुतेकांना दीड-दोन तास सलग बसवतं. तो ७५-८० च्या खाली असेल तर गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर सतत दाबलेली राहते. तुमचा ठणका त्याचाच आहे.

सीट १ इंच, म्हणजे २५ मिलिमीटर उंच केली की तुमच्या लांबीच्या पायात कोन साधारण ४ अंशांनी उघडतो. फूटरेस्ट तेवढाच खाली नेला तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. दोन्हीकडून एकेक इंच मिळाला तर ७८ चे ८६ होतात. आकडा लहान वाटेल, पण दोनशे किलोमीटरनंतर तो चांगलाच जाणवतो.

सीटपासून सुरुवात करा, कारण ती पूर्ववत करता येते. पैसे घालण्याआधी चाचणी घ्या : जुनी सतरंजी घट्ट दुमडून ३० मिलिमीटर जाडीची करा, ती सीटवर पट्ट्याने घट्ट आवळा आणि चाळीस किलोमीटर जाऊन या. गुडघ्याला आराम पडला आणि सिग्नलला दोन्ही पाय नीट टेकले तरच सीटवाल्याकडे जा.

सीटवाल्याला नेमकं सांगावं लागतं, नाहीतर तो मऊमऊ फोम भरून देतो. दुकानात बोटाने दाबून तो छान वाटतो. ९१ किलोखाली तासाभरात बसतो आणि वाढवलेली उंची तिथेच संपते. ‘रिबॉन्डेड’ फोम मागा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा घट्ट फोम. ८० ते १०० डेन्सिटीचा, २५ ते ३० मिलिमीटर जाडीचा थर मूळ फोमवर बसवायचा आणि त्यावर १० मिलिमीटरचा मऊ थर, एवढं पुरे. चिकटवायला रेक्झिन-फोमसाठी मिळणारा सिंथेटिक रबराचा गोंदच हवा. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळून कडक होतो आणि त्याची कड बुडाला टोचते. टाकीजवळचा भाग दोन्ही बाजूंनी उतरता कापून घ्या. तिथली रुंदी तशीच राहिली तर मांडीच्या आतल्या बाजूला दाब येतो आणि पाय जमिनीला टेकतानाही अंतर वाढतं.

अजून एक गोष्ट सीटवाले विसरतात. मांडी लांब असलेला माणूस आपोआप मागे सरकू पाहतो आणि मागच्या सीटच्या पायरीला अडतो. फोम भरतानाच ती पायरी ४०-५० मिलिमीटर मागे घ्यायला सांगा. मागे बसणाऱ्याची जागा तेवढी कमी होते, त्याची परवानगी आधी घ्या. कव्हर लावण्याआधी फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद घालायलाच हवा. पावसाळ्यात शिवणीतून पाणी झिरपतं आणि रिबॉन्डेड फोम एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही.

सीट ३० मिलिमीटरहून जास्त उंच झाली तर हँडल तुलनेने खाली जातं आणि भार मनगटांवर येतो. त्यासाठी २० ते २५ मिलिमीटरचे हँडल रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, मिळतात. ते बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. तशी गाडी रस्त्यावर आणू नका. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइपही दोन्ही टोकांना ढिला राहतो ना, हे बघा.

प्रश्न : रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, उंची सहा फूट एक इंच. फूटरेस्ट एक इंच खाली नेणारे ब्रॅकेट बसवून घेतले. गुडघे सुटले, पण आता गिअर वर घेताना नडगी दुखते आणि मागचा ब्रेक दाबायला पाय उचलावा लागतो. ब्रॅकेट काढून टाकू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू नका. काम अर्धं झालं आहे. फूटरेस्ट खाली गेला, पण गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल जुन्याच उंचीवर राहिले. प्रत्येक गिअरला पंजा एक इंच जादा वर उचलावा लागतो, म्हणून नडगीचा पुढचा स्नायू दमतो.

गिअर लिव्हर दोन प्रकारे बसवलेला असतो. मध्ये जोडदांडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना लॉकनट असतात आणि त्यांतल्या एका टोकाचा आटा उलटा असतो. दोन्ही नट ढिले करून दांडा अर्धा-अर्धा फेरा फिरवा, पंजा ठेवून बघा, मग पुढचा अर्धा फेरा. दोन्ही टोकांना आट्याचे पाच-सहा फेरे तरी आत राहिले पाहिजेत, नाहीतर दांडा घाटात निसटायचा. लिव्हर थेट दात्यांच्या शाफ्टवर असेल तर आधी मार्करने खूण करा आणि मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता ढिला करून ओढलात तर निघत नाही, कारण बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. लिव्हर एक दाता फिरवला की टोक चांगलं दोन-तीन सेंटीमीटर खाली येतं, त्यामुळे एकच दाता फिरवून थांबा. टाच-पंजाची जोड लिव्हर असेल तर मागची बाजू तेवढीच वर येते. दहा-अकरा नंबरचा बूट तिच्यात अडकतो का, ते गाडी उभी असतानाच बघा.

ब्रेकला जास्त जपायचं. ड्रम ब्रेक असेल तर पेडलची उंची स्टॉपर बोल्टने ठरते. ती उतरवल्यावर मागच्या दांड्याचा नट फिरवून पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. डिस्क असेल तर मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) पुशरॉडवरचा, म्हणजे पेडलचा जोर आतल्या पिस्टनला देणाऱ्या दांड्यावरचा, लॉकनट सोडून उंची बदलायची असते, आणि तिथे एक चूक वारंवार होते. रॉड पिस्टनला किंचितही दाबून राहिला तर ऑइल परत जाण्याचं छिद्र बंद होतं. ऑइल तापून फुगतं, ब्रेक आपोआप धरत जातो आणि पन्नास-साठ किलोमीटरवर मागचं चाक जाम होऊ शकतं. म्हणून रॉड आणि पिस्टन यांच्यात बारीकशी मोकळीक हातांना जाणवली पाहिजे. मेन स्टँडवर चाक हाताने फिरवा. पेडल दाबून सोडल्यावर ते पुन्हा तितकंच मोकळं फिरायला हवं. शेवटी ब्रेक लाइटचा स्विच लावा. पेडल खाली गेल्यामुळे दिवा सतत पेटलेला राहतो किंवा अजिबात लागत नाही. डिस्कचं काम स्वतः कधी केलं नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या.

ब्रॅकेट एक इंचाहून खाली नेऊ नका. आंबोलीसारख्या घाटातल्या वळणावर गाडी कलली की आधी फूटरेस्ट टेकतो. घडी होणारा असेल तर तो वर दुमडतो. घट्ट असेल तर तो जमिनीला टेकून मागचं चाक उचलतो. छोट्या गाड्यांत फूटरेस्टचा सलग दांडा इंजिनाखाली बोल्टने लावलेला असतो आणि काहींत साइडस्टँडही त्यालाच असतो. तो वॉशर घालून खाली नेला की स्टँड लांब झाल्यासारखा होतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने उजवीकडे पडते.

प्रश्न : लेगगार्डवर जादा फूटरेस्ट लावून पाय लांब करून मुंबई-गोवा करावं असं मनात आहे. सुरक्षित आहे का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : मोकळ्या, सरळ, दुभाजक असलेल्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटं पाय ताणायला ते चांगले. गावातून, घाटातून, गर्दीतून नाही. पाय तिथे असताना मागचा ब्रेक पायाखाली नसतो. पाय परत आणायला एखादा सेकंद लागला, तरी ताशी ७२ किलोमीटरला गाडी तेवढ्यात २० मीटर पुढे जाते. मुंबई-गोवा रस्त्यावर वस्त्या, वळणं आणि गुरं एवढी आहेत की या जादा फूटरेस्टचा उपयोग मोजक्याच पट्ट्यांत होईल.

क्लँप घेताना लेगगार्डच्या नळीचा व्यास कॅलिपरने मोजा. मोठा क्लँप रबर घालून बसवला तर थरथरीने फिरतो आणि पाय अचानक घसरतो. पातळ पत्र्याच्या सजावटी लेगगार्डवर लावूच नका, उंच माणसाच्या पायाच्या भाराने त्याची जोडणी तडकते.

प्रश्न : गुडघे दुखत नाहीत, पण दोन तासांनी डाव्या पावलाचा वरचा भाग बधिर होतो. नी-गार्ड घालतो. उंची सहा फूट तीन इंच.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी नी-गार्डच्या पट्ट्याकडे बघा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते आणि पावलाच्या वरच्या भागाची संवेदना तिच्याकडे असते. उंच माणसाच्या पायावर मध्यम मापाचं गार्ड वर राहतं आणि खालचा पट्टा नेमका त्या उंचवट्यावर येतो. मोठ्या मापाचं गार्ड घ्या आणि पट्टा त्या उंचवट्याच्या चार बोटं खाली, पोटरीवर, दोन बोटं आत जातील इतका ढिला बांधा. आखूड जीन्स गुडघ्यामागे काचत असेल तर तीही बदला.

दर तासा-सव्वा तासाने उतरून पाच मिनिटं चाला. नुसतं टेकून चहा पिण्यात पोटऱ्या हलत नाहीत. बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही तासन्‌तास टिकत असेल, किंवा पंजा वर उचलता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते, आणि तशी पोटरी चोळायची नसते.

प्रश्न : मी मागे बसते, उंची पाच फूट दहा इंच. माझ्या पायांना काय करता येईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फार थोडं. मागचे फूटरेस्ट पुढच्यांपेक्षा उंचावर असतात आणि उजवीकडे सायलेन्सर असल्याने खाली नेता येत नाहीत. मागच्या सीटवर २५ मिलिमीटर रिबॉन्डेड फोम आणि पाठीला टेकू, एवढं करून घ्या. साइड बॅगा बसवणार असाल तर टाचेला जागा उरते का ते आधी बसून बघा.

प्रश्न : सहा फूट तीन इंच उंचीला कोणती गाडी घेऊ? सीटची उंची जास्त असलेली घ्यावी ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या आकड्यावर विसंबू नका. तो जमिनीपासून सीटपर्यंतचा असतो, फूटरेस्ट कुठे आहे ते त्यात नसतं. रॉयल एनफिल्डच्याच गाड्या घ्या : मीटिओर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५. तरी मीटिओरचे फूटरेस्ट पुढे असल्याने कित्येक उंच माणसांचे गुडघे तिच्यावर जास्त मोकळे राहतात. भार मात्र माकडहाडावर जातो, कारण पायांवर जोर देऊन उठता येत नाही. त्याच कंपनीच्या हिमालयन ४५० ची मूळ सीट ८२५ वरून ८४५ वर चढवता येते आणि तिच्यावर उभं राहूनही चालवता येतं. तुमच्या उंचीला पहिली चाचणी आम्ही तिचीच घ्यायला सांगू.

शोरूममध्ये टेप घेऊन जा. सीटच्या जिथे बसता त्या भागापासून फूटरेस्टच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर प्रत्येक गाडीचं मोजा आणि लिहून ठेवा. नेहमीचे बूट घालून पंधरा मिनिटं बसा, हँडल पूर्ण वळवून ते गुडघ्याला लागतं का बघा, टाकीच्या खाचेत गुडघे बसतात की कडेवर टेकतात तेही बघा. कडेवर टेकत असतील तर सीट उंच करूनही ते तिथेच घासत राहतील. ती गाडी सोडून द्या.