वाचकांचे प्रश्न : पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री सुटली, की ट्रान्स्फर लांबू शकते

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. बायोलॉजी आहे, गणित नाही. पर्यावरणशास्त्राची पदवी अमेरिकेत करायची म्हणते. इथले एक एजंट सांगतात, कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढा, मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. यात तथ्य किती?
– एक पालक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : वाट खरी आहे आणि चांगलीही आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज, आणि तिथून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे ट्रान्स्फर. कॅलिफोर्नियात अशी शंभराहून अधिक सरकारी कॉलेजं आहेत. सॅट ही प्रवेशपरीक्षा लागत नाही. बारावीचा निकाल, इंग्रजीची परीक्षा आणि पैशांची तजवीज दाखवणारी कागदपत्रं लागतात. मात्र ही दोन वर्षं नुसती ‘काढून’ भागत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. तेव्हा हातात फक्त पहिल्या वर्षाचे ग्रेड असतात. तिसऱ्या सेमिस्टरचे ग्रेड जानेवारीत कळवायचे असतात. खरी परीक्षा पहिल्या वर्षाचीच.

पर्यावरणशास्त्राला त्या दोन वर्षांत साधारण हे लागतं : जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, बायोलॉजीचं एक वर्ष, कॅल्क्युलस, बहुतेक ठिकाणी फिजिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स, यूसीच्या काही कॅम्पसना (वेगवेगळ्या शहरांतल्या शाखांना) ऑरगॅनिक केमिस्ट्रीसुद्धा. यातली केमिस्ट्री साखळीसारखी आहे. पहिला भाग पास झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसऱ्याशिवाय ऑरगॅनिक नाही. पहिल्या सेमिस्टरला ‘आधी रुळू दे’ म्हणून हलके विषय घेतले, तर ही साखळी दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत पूर्ण होणं अवघड होतं आणि तिसरं वर्ष कॉलेजातच जाऊ शकतं. त्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च पालकांच्याच खिशातून जातो. म्हणून पहिलं सेमिस्टर असं ठेवा : जनरल केमिस्ट्री पाच युनिट (म्हणजे श्रेयांक), गणित चार-पाच, इंग्रजी लेखन तीन-चार. लॅबसकट एवढं पुष्कळ झालं. यूसीला एकूण ६० सेमिस्टर युनिट लागतात. डी अँझा, फूटहिल अशा काही कॉलेजांत सेमिस्टरऐवजी वर्षाचे क्वार्टर, म्हणजे आणखी छोटी सत्रं, असतात, तिथे ९०. केमिस्ट्रीची मालिका ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवा. अर्धी क्वार्टरवाल्या आणि अर्धी सेमिस्टरवाल्या कॉलेजात केली, तर दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळत नाही आणि एखादा भाग पुन्हा करावा लागतो.

बारावीला गणित नसणं हा तुमच्या मुलीचा खरा अडथळा. तो इथेच दूर करता येतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातली फलनं, त्रिकोणमिती, सरळ रेषा, सीमा आणि अवकलज ही प्रकरणं सोडवून घ्या. जोडीला केमिस्ट्रीतली मोल संकल्पना आणि समतोल. जायच्या आधीचे चार-पाच महिने यासाठीच ठेवा. तिथे गणिताची कुठली पायरी मिळते त्यावर केमिस्ट्री आणि फिजिक्स कधी मिळणार हेही अवलंबून असतं.

‘कुठल्याही कॉलेजात’ हा सल्ला मात्र ऐकू नका. कॉलेजचा कुठला विषय कुठल्या यूसी कॅम्पसला चालतो, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर विषयवार दिलेलं असतं. कॉलेज, कॅम्पस आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडा, ती यादी छापून घ्या आणि मगच कॉलेज ठरवा. एखाद्या विषयापुढे समकक्ष विषय नसल्याचं लिहिलेलं असेल, तर त्या कॉलेजात तो होणार नाही, एवढं गृहीत धरा. मेजरही नीट वाचा : ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स’मध्ये केमिस्ट्री-गणिताचा भार जास्त, ‘स्टडीज’मध्ये धोरण आणि समाजशास्त्राचा. दोन्हींच्या याद्या वेगळ्या असतात.

प्रवेशाची हमी देणारी ‘टॅग’ नावाची योजना आहे, पण ती फक्त सहा कॅम्पसना लागू : डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. टॅगचा अर्ज एकाच कॅम्पससाठी भरता येतो, १ ते ३० सप्टेंबर या काळात, आणि काही मेजर त्यातून वगळलेले असतात. राज्याबाहेरच्यांना, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांनाही, यूसीच्या साध्या अर्जालाही किमान २.८ जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) लागतो. टॅगची आणि विज्ञान मेजरची अपेक्षा त्याहून वर असते.

व्हिसाबाबत दोन गोष्टी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दर सेमिस्टरला किमान १२ युनिट हवेत आणि त्यात ऑनलाइन एकच विषय धरला जातो. अवघड वाटलेला विषय परस्पर सोडला आणि युनिट १२ च्या खाली गेले, तर व्हिसाचा विद्यार्थी दर्जा (स्टेटस) जातो. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी, मग सोडणं. मध्य प्रदेश मुंबईच्या वकिलातीच्या कक्षेत येतो. मुलाखतीत ‘विद्यापीठ सोडून कम्युनिटी कॉलेज का?’ हे विचारलं जाण्याची शक्यता धरूनच चला. मुलीला वरची विषययादी आणि कॅम्पसची नावं स्वतःहून सांगता आली पाहिजेत. पुढे ट्रान्स्फरच्या वेळी नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला) लागतो, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी पुन्हा भरावी लागत नाही.

खर्च कमी होतो तो पहिल्या दोन वर्षांचा. यूसीत गेल्यावर राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला मूळ फीवर वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त अधिभार पडतो आणि अमेरिकी सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. बजेट चार वर्षांचं करा.

प्रश्न : मी इंदूरलाच बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे. हे वर्ष तिकडे धरलं जाईल का?
– एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : थोडंफार, तेही कॉलेजने मान्य केलं तर. विद्यापीठाची गुणपत्रिका, प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेलं पत्र निघायच्या आधीच घेऊन ठेवा. तिकडून मागवणं फार त्रासाचं. मेजरची केमिस्ट्री मात्र तिथेच नव्याने करावी लागेल असं समजून चला. इथलं वर्ष लपवू नका. यूसी बारावीनंतरचं सगळं शिक्षण विचारते आणि दडवलेलं पुढे उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

प्रश्न : अर्जात दाखवता येईल असं इथे काय करता येईल?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : एकच गोष्ट करा, पण नीट मोजून. ट्रान्स्फरच्या अर्जात चार छोटे लेख असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांचे, आणि त्यातला मेजरच्या तयारीवरचा सक्तीचा. ‘मला निसर्ग आवडतो’ यावर तो भरत नाही. आपल्या शहरात सिरपूर तलाव आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, असलेला. परवानगी काढून, कॉलेजच्या लॅबच्या मदतीने, तिथल्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजा.

३०० मिलीची काचेची बीओडी बाटली (ऑक्सिजन मोजण्यासाठीची घट्ट बुचाची बाटली) पाण्याखाली धरून भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे जवळजवळ नाही. साका खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवा; ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं. हे सगळं हातमोजे घालून आणि शिक्षक सोबत असतानाच करा. मग त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबाथेंबाने घालत मोजा. दर एक मिली म्हणजे लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. अंत्यबिंदू दाखवणारा स्टार्च मात्र द्रावणाचा रंग फिका पिवळा झाल्यावरच घाला. आधी घातला तर आयोडीन त्याला धरून बसतं, निळा रंग सावकाश जातो आणि अंत्यबिंदू चुकतो.

नमुना पहाटे एकदा आणि दुपारी एकदा घ्या. रात्रभर शेवाळाचं आणि जिवाणूंचं श्वसन चालू असतं, म्हणून पहाटे आकडा सगळ्यात खाली असतो. दुपारी प्रकाशसंश्लेषणाने तो वर चढतो. दोन्हींत मोठी तफावत आली तर पाण्यात पोषकद्रव्यं, म्हणजे बहुधा सांडपाणी, जास्त उतरत असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तापमान, वेळ, जागा आणि हवामान त्याच वहीत, त्याच दिवशी लिहा. पावसाळ्याआधी आणि नंतर, एकाच जागेवरून, महिन्यातून दोनदा केलं तरी त्या ३५० शब्दांत लिहायला तुमचे स्वतःचे आकडे असतील.