सरासरी वेग घटला म्हणजे पिचर संपला का?

तुम्ही बेसबॉल सॅव्हंट या मेजर लीग बेसबॉलच्या आकडेवारीच्या साइटवरून एका पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) या मोसमातल्या सगळ्या पिचची, म्हणजे टाकलेल्या चेंडूंची, फाइल उतरवली आणि तिच्यावरून एक तक्ता केलात. सरासरी वेग गेल्या मोसमापेक्षा ताशी दीड मैलाने कमी दिसला, आणि तुम्ही विचारलंत की त्याचा हात गेला का. एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. त्याने फोर-सीम फास्टबॉल (सर्वांत वेगवान, सरळ चेंडू) कमी करून स्लायडर (त्याहून हळू, वळणारा चेंडू) वाढवला असेल, तर हात ठणठणीत असूनही सगळ्या पिचची मिळून सरासरी खाली येते. आधी पिचचे प्रकार वेगळे करा आणि नुसत्या फोर-सीमचा वेग सामन्यागणिक मांडा. एप्रिलची तुलनाही एप्रिलशीच करा. थंडीत बहुतेकांचा वेग कमी असतो, उन्हाळ्यात चढतो.

जुन्या वर्षांपर्यंत मागे जाणार असाल, तर मोजणारी यंत्रणा कधी बदलली ते लक्षात ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यांवर चालणारी पिच-एफएक्स होती. 2015 मध्ये सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट आलं, तेव्हा चेंडूचा माग रडार घ्यायचं. 2020 पासून ते काम हॉक-आय करतं. क्रिकेटमधल्या डीआरएसमुळे आपल्याला ठाऊक असलेलं तेच. सॅव्हंटवरचे 2016 पर्यंतचे वेग पिच-एफएक्सचे आहेत, चेंडू हातातून सुटतानाच्या वेगाशी नंतर अंदाजाने जुळवलेले. 2017 पासूनचे वेग थेट तिथेच मोजलेले आहेत. त्या सीमेवर अर्ध्या मैलाचा फरक दिसला तर त्यावर निष्कर्ष बांधू नका.

माझ्या मते वेगापेक्षा जास्त वेळ चेंडूच्या हालचालीला द्यायला हवा. फोर-सीम उलट्या फिरकीने जातो, आणि त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते. तो खरोखर चढत नाही, अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅटरची बॅट त्याच्या खालून जाते. फाइलमधला पीएफएक्स-झेड हा रकाना नेमकं तेच सांगतो: फिरकी नसती तर चेंडू जिथे आला असता, त्यापेक्षा किती वर आला. तो आकडा फुटांत असतो, म्हणून 12 ने गुणून इंच करा. साधारण 16 इंच हा नेहमीचा फोर-सीम. 19-20 इंच दिसले तर त्या पिचरने स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या वैध पट्ट्याच्या) वरच्या भागात टाकत राहावं.

गेरिट कोल या पिचरचं उदाहरण मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. पिट्सबर्गमध्ये तो सिंकर बराच टाकायचा. खाली पडणारा चेंडू, जमिनीवरून जाणारे फटके, असा तिथला विचार. 2017 मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी, 4.26 होता. जानेवारी 2018 मध्ये तो ह्यूस्टनला गेला, सिंकर जवळपास सोडला आणि फोर-सीम वर टाकू लागला. त्या वर्षी ईआरए 2.88 आणि 276 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). 2019 मध्ये 2.50 आणि 326. कोणता चेंडू टाकायचा आणि कुठे, हा निर्णय बदलल्याचा यात मोठा वाटा होता, आणि असा निर्णय घ्यायला हे आकडे हाताशी लागतात. नुसता ईआरए बघून ते कधीच कळलं नसतं.

स्पिन रेट, म्हणजे चेंडूच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, मात्र एकटा वाचू नका. वेग वाढला की स्पिनही वाढतो, म्हणून दोघांचं गुणोत्तर बघा. शिवाय स्लायडरची बरीचशी फिरकी बंदुकीच्या गोळीसारखी असते. तिने चेंडू फारसा वळत नाही. म्हणून 2,500 फेऱ्यांचा स्लायडर 2,300 फेऱ्यांच्या स्लायडरपेक्षा चांगलाच असेल असं नाही. 2021 चे आकडे घेणार असाल तर मोसमाचे दोन तुकडे करा. चेंडूला चिकट पदार्थ लावण्यावर 21 जूनपासून कडक तपासणी सुरू झाली आणि लीगभर स्पिन घसरला.

तुमच्या तक्त्यातला व्हिफचा (बॅट फिरवूनही चेंडू हुकण्याचा) आकडाही तपासा. तुम्ही हुकलेल्या फटक्यांना एकूण पिचने भागलं आहे. व्हिफ रेटसाठी फक्त बॅट फिरवलेल्या पिचने भागतात. दोन्ही आकडे उपयोगी आहेत, पण एकाची तुलना दुसऱ्याशी केलीत तर चांगला पिचरही दुबळा दिसेल.

आता दुखापतीचा संशय. फोर-सीमचा वेग वेगळा काढल्यावरही घटलेलाच दिसला, तर रिलीज पॉइंटचे (चेंडू हातातून सुटतो त्या जागेचे) एक्स आणि झेड, म्हणजे आडवी जागा आणि उंची, आणि एक्स्टेन्शन, म्हणजे चेंडू किती पुढे येऊन सोडला, हे तिन्ही त्याच सामन्यांसाठी मांडा. वेग कमी आणि हातही नेहमीपेक्षा खाली आलेला, असं सलग काही सामने दिसलं तर काळजीचं कारण आहे. तरीही दुखापतीचं निदान या आकड्यांतून होत नाही, तो फक्त एक इशारा असतो. हात जागच्या जागी आणि फक्त वेग कमी असेल, तर तो आधी किती दिवसांच्या विश्रांतीनंतर उतरला होता ते बघा. वेगाचा आणि रिलीज पॉइंटचा, हे दोन आलेख इथे टाका, मी नक्की बघेन.