बे एरियात कथकचा क्लास काढायचाय? आधी ओकलंडला जाऊन या

ताई, तुम्ही विचारलंय की नाशकात इतकी वर्षं कथक शिकवलं, आता नवऱ्यासोबत एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला येताय, तर इकडे क्लास चालेल का आणि माणसं जमतील का.

चालेल की. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक नाच बसवला की पालक आपोआप येतील या भरवशावर राहू नका. पालक येतात हो, पण पोरगी हायस्कूलला गेली की स्विमिंग नाहीतर एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), क्लास सुटलाच.

माझं ऐका, आल्या आल्या ओकलंडला अ‍ॅलिस स्ट्रीटवरच्या मलोंगा सेंटरमध्ये जा आणि पश्चिम आफ्रिकन डान्सचा एक क्लास करूनच बघा. ज्यांच्या नावाची बिल्डिंग ते मलोंगा काँगोचे नर्तक-वादक, २००३ मध्ये अपघातात गेले. डायमानो कुरा ही सेनेगलच्या झकारिया दियूफ यांनी १९७५ मध्ये काढलेली डान्स कंपनीही तिथलीच. या क्लासला रेकॉर्डिंग नसतं, जेंबे आणि दुनदुन (तिकडचे ढोल) वाजवणारे समोर बसलेले असतात, सर एक स्टेप दाखवतात आणि आपण ओळी करून हॉलच्या त्या टोकाकडून वादकांकडे नाचत यायचं, पुढची ओळ पोचेपर्यंत मागची निघालेली पण असते. स्टेप बदलायची तर कोणी ओरडून सांगत नाही, जेंबेवर ब्रेक (बदलाचा इशारा देणारा बोल) वाजतो तो कानाने पकडायचा (तुम्हाला जमेल, तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणाऱ्या बोलाचा, कान आहे). शेवटी गोल, ज्याला वाटेल त्याने मध्ये जायचं, पिकल्या केसांच्या आज्यासुद्धा जातात, आणि मग सगळे वादकांसमोर वाकून जमिनीला हात लावतात.

आता बघा, त्या हॉलमध्ये गिनी-सेनेगलचे लोक थोडेच, बाकी काळे-गोरे अमेरिकन, नोकरी करणारे, कधीही न नाचलेले, आणि तेच वर्षानुवर्षं टिकलेत, एकमेकांची मुलं सांभाळतात, कोणाचं घर बदललं तर सामान उचलायला जातात. म्हणून म्हणतो मोठ्यांची बिगिनर बॅच काढा, वार-वेळ कधी बदलू नका, आणि पहिल्या दिवसापासून तबला लाइव्ह ठेवा, चारच जण आले तरी तबलजीचे पैसे आधी द्यायचे. कथक इथे नवीन नाही, कथक गुरू चित्रेश दास १९७१ मध्येच बे एरियातल्या अली अकबर संगीत कॉलेजात शिकवायला आले होते, त्यामुळे वाजवणारे मिळतात.

व्हिसाचं मात्र नीट बघा. एच-४ वर फी घेऊन शिकवता येत नाही, साधारणपणे नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरायचा अर्ज) मंजूर झालं की ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, काढता येतो. भारतातले कलाकार पी-३ वर (पारंपरिक कलावाल्यांचा व्हिसा) येऊ शकतात, त्यावर शिकवताही येतं, पण तो एका वेळी वर्षभराचाच आणि अर्ज इथल्या संस्थेने किंवा एजंटने भरायचा, स्वतःचा स्वतः नाही चालत. फुकट शिकवायचं म्हटलं तरी वकिलाला विचारूनच. आणि आय-१४० कधी फाइल करणार हे नवऱ्याला ऑफरवर सही करायच्या आधीच एचआरला विचारायला सांगा, नंतर ते लोक मेलला उत्तर देत नाहीत.