पहाटे साडेपाचच्या आतलं दूध

अगं ए,

रात्री दीडला तुझा मेसेज बघितला, "दादा लॉजिक एकदम बरोबर आहे तरी चालत नाहीये, मला बहुतेक प्रोग्रामिंग जमणारच नाही." गंमत बघ, यातली दोन्ही वाक्यं तू तपासलेलीच नाहीयेस, एकात भाव खाल्लायस आणि दुसऱ्यात रडलीयस, एवढाच फरक.

माझंही हेच झालेलं. नोकरीला वर्ष पण झालं नव्हतं, आमच्याकडे दूध संकलनाचं सॉफ्टवेअर होतं, सेंटरवर दूध घातलं की फॅट किती लागली ते बघून पावती आणि दहा दिवसांनी बिल. एका ऑपरेटरचे सारखे फोन, की काही जणांचं एक तारखेचं सकाळचं दूध मागच्या बिलात जातंय. मी ऑफिसात अकरा वाजता एंट्री मारून बघायचो, बरोबर यायची, मग त्यालाच सुनवायचो की तुम्हीच तारीख चुकीची टाकताय. दोन महिने!! आता लाज वाटते. शेवटी साहेबांनी मलाच तिकडं धाडलं. पहाटे पाचला किटल्यांच्या रांगेशेजारी लॅपटॉप उघडून उभा, थंडीनं बोटं वळत नव्हती, आणि पहिल्याच म्हाताऱ्या बाबांची एंट्री सर्व्हरवर बघतो तर तारीख कालची. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे साडेपाचच्या आत जो घालेल त्याचं दूध कालच्या खात्यात. अकरा वाजता टेस्ट करून हे मला जन्मात दिसलं नसतं. फिक्स एका ओळीचा होता, ऑपरेटरचा राग जायला मात्र बराच वेळ लागला.

तेव्हापासून "हे तर बरोबरच आहे" असं वाटलं की मी पहिला प्रिंट, म्हणजे कोडमध्ये त्या जागी खरंच काय चाललंय ते स्क्रीनवर दाखवणारी ओळ, तिथंच टाकतो. १९९६ मध्ये युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं असंच झालं, एरियान ४ वर नीट चाललेला कोड तसाच उचलला, नव्या रॉकेटचा वेग जास्त, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि चाळीसेक सेकंदांत खेळ खलास. ती माणसं काय येडी होती का?

"जमत नाही"वर पण असाच प्रिंट टाक ना. नक्की कुठं अडतंय, लूप कळत नाही की एरर वाचायचीच भीती वाटते? मला तर भीतीच असेल असं वाटतंय, कारण तू पाठवलेल्या फोटोत एररची शेवटची ओळच कापलीय, आणि पायथॉन नेमकं काय बिघडलं ते तिथंच लिहितं.

आता झोप. उद्या अख्खी एरर कॉपी करून पाठव, फोटो नको.

दादा